येस बाई

नियम मोडणाऱ्यांची नावं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची असत, आणि ती लिहायची मी. सातवीच्या वर्गाची मी मॉनिटर होते. पुठ्ठ्याचा गोल बिल्ला, त्यावर लाल शाईनं 'मॉ', आणि तो फ्रॉकला अडकवायला मायच्या पदराची सेफ्टी पिन. हा बिल्ला लावून मी गल्लीतून निघाले की मला वाटायचं, अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. गाव कापसाच्या गाठोड्यांकडे बघत असायचं, पण ते मला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आगाऊ होते मी. आज वयाची साठी ओलांडून, धुळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितानाही त्याबद्दल फारशी लाज वाटत नाही. आगाऊ नसते तर त्या दिवशी गप्प बसले असते, आणि मग हे प्रकरण लिहायचं कारणच उरलं नसतं.

आमचं गाव धरणगावपासून चालत तासाभरावर. वारा आमच्या दिशेनं असला की तिथल्या कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा ऐकू यायचा आणि त्यावर घरातली सगळी कामं सुरू व्हायची. भोंगा झाला की आबा, म्हणजे माझे वडील, बैल घेऊन निघायचे आणि माय तवा चुलीवर टाकायची. ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी थापटण्याचा आवाज, मग तव्यावर ती पडली की चर्र, मग पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या ठसक्यानं घरातला झोपलेला माणूस उठायचा. मी मात्र तेव्हा ओसरीवर बसून बिल्ला पुसत असे. माय आतून हाक मारायची, "शकू, येस का नही?" मी बसल्या जागेवरून म्हणायची, "येस, माय." आणि हलायची नाही. पुन्हा हाक, पुन्हा "येस." शेजारच्या अक्का रोज हे ऐकायच्या. एकदा त्यांनी भिंतीवरून विचारलं, "काय वं, तुन्या पोरले काय काय येस?" माय म्हणाली, "इले बठ्ठं येस. फक्त भाकर येत नही." बठ्ठं, म्हणजे सगळं.

हा 'येस' शब्द नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ त्याच्यावरच झाला. आमच्या अहिराणीत येस म्हणजे येतो, येस म्हणजे येते. मी येस, तू येस, ती येस. माणूस येतो तो येस आणि एखादं काम जमतं तेही येस. एका शब्दावर आमची निम्मी सकाळ निघायची.

सातवीला आम्हाला नव्या वर्गशिक्षिका आल्या त्या सावद्याकडच्या. केळीच्या मुलखातल्या, जिथे अहिराणी बोलत नाहीत. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. गोऱ्या, उंच, पांढऱ्या साडीला निळा काठ, आणि बोलणं अगदी पुस्तकासारखं. मात्र राग आला की त्यांच्या बोलण्यातला ळ निसटायचा आणि त्याच्या जागी य यायचा. "फया पुसला का?" असं त्या म्हणाल्या की आम्ही ओठ दाबून बसायचो, कारण फया हे ऐकून हसलं की पुढे काय होतं हे पहिल्याच आठवड्यात दोघांना कळलं होतं. त्यांची नोकरी नवी होती, अजून कायम झाल्या नव्हत्या. हे आम्हा मुलांनासुद्धा ठाऊक होतं, कारण हेडगुरुजी त्यांच्याशी बोलताना वाक्याच्या शेवटी नेहमी म्हणायचे, "तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

बाईंनी आल्या आल्या एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर अकरा नियम लिहून भिंतीवर लावले. तोपर्यंत आमच्या शाळेत नियम एकच होता, की गुरुजी ओरडले की थांबायचं. आता घंटा झाल्यावर ओळीनं वर्गात यायचं, चपला दाराबाहेर जोडीनं ठेवायच्या, माठातलं पाणी ओगराळ्यानंच घ्यायचं, पेला आत बुडवायचा नाही. चिंचा वर्गात खायच्या नाहीत, खोटं बोलायचं नाही. चौथा नियम होता, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. अकरावा होता, हे नियम सगळ्यांना सारखे. आणि दुसरा नियम हजेरीचा. पूर्वी आम्ही "हजर" म्हणायचो. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुम्ही धरणगावच्या हायस्कुलात जाल. तिथे हजर म्हणाल तर पोरं हसतील. नाव घेतलं की उभं राहून म्हणायचं, येस बाई."

त्यांनी नियम सांगितला, अर्थ सांगितला नाही. आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही, कारण अर्थ आम्हाला आधीपासूनच येत होता. इंग्रजी आम्हाला होतं, पण ते ए-बी-सी-डी आणि गायीच्या चित्रापलीकडे फारसं सरकलेलं नव्हतं. मला तर हा नियम फारच गोड वाटला. बाई हाक मारतात, आपण म्हणायचं येते बाई. घरी मायला म्हणतो तसंच.

माझी धुळ्याची नात आता सहावीत आहे. तिच्या शाळेनं आईबापांच्या मोबाइलवर नियमांची यादी पाठवली, चोवीस नियम. सुनेनं ती छापून फ्रिजवर चिकटवली आहे. मी चष्मा लावून सगळी वाचली. एकाही नियमात शिक्षकांचा उल्लेख नाही. बाईंचा अकरावा नियम त्यात शोधत होते, सापडला नाही.

तर सुमन. माझ्या बाकावरची, माझ्या शेजारी बसणारी. अंगानं बारकी, डोक्याला लाल रिबीन, आणि हस्ताक्षर असं की बाई तिची वही सगळ्या वर्गात फिरवायच्या. तिला रोज सकाळी मळ्यात वडिलांची न्याहारी पोचवून मग शाळेत यावं लागे, त्यामुळे हजेरीच्या वेळी ती नेमकी वाटेत असायची. आमच्या खिडकीतून मळ्याची वाट दिसायची. विहिरीजवळ लाल रिबीन दिसली की मला कळायचं, आली. तोवर बाईंनी तिचं नाव पुकारलेलं असायचं. मग मैत्रीण म्हणून आणि मॉनिटर म्हणूनही मी उभी राहून सांगायचे, "येस बाई." म्हणजे, येतेय बाई, ती बघा विहिरीपर्यंत पोचली. बाईंचं डोकं हजेरीपटात असायचं. त्या खूण करून पुढच्या नावाला जायच्या. हजेरीनंतर झाडलोट आणि पाणी भरण्याची धांदल असायची, पोरं आतबाहेर करायची, त्यात सुमन येऊन बसून जायची. मला वाटायचं, बाई किती समजूतदार. येणाऱ्या मुलीची हजेरी आधीच लावतात. बाईंना वाटायचं, सुमनचा आवाज बराच मोठा आहे. असं आमचं दोघींचं दोन महिने छान चाललं होतं.

शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिवशी आम्ही शाळा शेणानं सारवली. हेडगुरुजी छडी हातात घेऊन फिरत होते आणि बाईंना म्हणत होते, "साहेब फार कडक आहेत. शेरा वाईट पडला तर मी काही करू शकणार नाही. तुम्हाला कायम व्हायचंय ना?" बाईंनी हजेरीपट घरी नेला, त्याला नवं खाकी कव्हर घातलं.

सकाळी मी सुमनला बोलवायला तिच्या घरी गेले. अंगणात गोवऱ्यांचा विस्तव केला होता आणि तिची माय त्यात कणकेच्या बट्ट्या उलटत होती. घरात तुपाचा असा वास सुटला होता की माझ्या पोटातली कळण्याची भाकर मला कमी वाटायला लागली. चुलीवर वरण रटरटत होतं, शेजारी वांग्याची भाजी घोटायला घेतलेली. सुमन पाट्यावर बसून मसाला वाटत होती, रिबीनही बांधलेली नव्हती.

"आज काय शे?" मी विचारलं.

"पाव्हना शेतस," तिची माय म्हणाली. "तू व्हय पुढे. ती येस."

मी पुढे झाले. कोण पाहुणे, कुणाचे, हे विचारायचं मला सुचलं नाही. तपासणीच्या दिवशी बिल्ला लावलेल्या मुलीला दुसऱ्यांच्या पाहुण्यांत काय रस असणार.

साहेब आले ते टोपी घातलेले, बारीक चणीचे, खिशाला दोन पेनं. ते वर्गात येऊन बसण्याआधीच हजेरी झाली होती. सुमनच्या नावाला मी सवयीनं खिडकीतून पाहिलं. विहिरीजवळ रिबीन नव्हती. पण तिच्या मायनं शब्द दिला होता, म्हणून मी नेहमीप्रमाणे ठणकावून म्हटलं, "येस बाई." बाईंनी खूण केली. मग साहेबांनी पट मागितला, बेरीज पाहिली आणि पेनाच्या टोकानं एकेक डोकं मोजत शेवटच्या बाकापर्यंत गेले. पुन्हा पुढून मोजलं. "पटावर अडतीस हजर आहेत. वर्गात सदतीस," ते म्हणाले. "पुन्हा घ्या हजेरी."

बाईंनी पुन्हा नावं घेतली, या वेळी प्रत्येकाकडे बघत. सुमनचं नाव आलं. वर्गात कुणी हललं नाही. मी उभी राहिले. "येस बाई."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू सुमन आहेस?"

"नाही बाई."

मागच्या बाकावरून कुणीतरी खिदळलं.

"मग तिच्या नावाला येस का म्हणालीस?"

"कारण ती येस..."

"गप्प बस."

"पण बाई, तिच्या मायनं..."

"गप्प म्हणते ना. रोज तूच म्हणत होतीस? रोज?" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या माझ्या बाकापाशी आल्या. सेफ्टी पिन काढताना ती त्यांच्याच बोटाला लागली. "उद्यापासून तू या शायेत मॉनिटर नाहीस. खोटं बोलणारी मुलगी मॉनिटर नसते." त्या शाया म्हणाल्या आणि सदतीस मुलांपैकी एकही हसलं नाही.

मला मारलं असतं तर चाललं असतं. चिंचा खाताना पकडलं असतं तरी चाललं असतं. पण मी खोटं बोलले नव्हते. आमच्या घरात आबांचा एकच दंडक होता, की शेतात चूक झाली तर सांगायची, मार पडेल, पण लपवल्याचा दुसरा पडणार नाही. मी आयुष्यात इतकं खरं कधीच बोलले नव्हते आणि तेवढ्यासाठीच माझा बिल्ला बाईंच्या मुठीत गेला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं. चीड आली होती मला, आणि अजूनही आठवलं की येते.

साहेबांनी शेरेबुक उघडलं. पेनाचं टोपण काढलं. "खोटी हजेरी," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यामागे ते अकरा नियम. दारात हेडगुरुजी. "साहेब, मुलगी आजारी असेल," हेडगुरुजी म्हणाले, "आणि बाई नवीन आहेत, मी वारंवार सांगतो त्यांना." मला तेव्हा एवढंच कळलं की साहेबांनी जे लिहायला घेतलं आहे ते लिहून झालं तर बाई आमच्या शाळेत राहणार नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांनी जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

मी परवानगी न घेता उभी राहिले. "साहेब, लिहू नका. मी खोटं बोलले नाही आणि बाईंनी खोटं लिहिलं नाही. मी म्हटलं ती येस. ती आली असं मी म्हटलंच नाही. बाईंना ते कळलं नाही, कारण बाई सावद्याच्या आहेत."

बाई म्हणाल्या, "शकुंतला, खाली..." साहेबांनी हात वर केला. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. इतका वेळ ऑफिसातलं मराठी बोलणारा तो माणूस माझ्याकडे वाकला आणि थेट आमच्या ओसरीवरच्या भाषेत म्हणाला, "मंग आते येस का ती?"

"येस, साहेब."

"तुले कोणी सांगं?"

"तिनी मायनी. मी सकाये तिना घर गयथू."

साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची खिडकीकडे वळवली. "देखूत मंग," ते म्हणाले. "येस का नही ते."

आम्ही सगळे वाट बघत बसलो. बाहेर कुणाच्या तरी बैलगाडीचं चाक कुरकुरत गेलं. माठातून पाणी ठिबकत होतं ते ऐकू येत होतं. एका कोपऱ्यात कुणीतरी शिंकलं आणि स्वतःच घाबरलं. हेडगुरुजी दोनदा म्हणाले, "साहेब, आपण ऑफिसात बसू, चहा घेऊ." साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ती मळ्याच्या वाटेवर नव्हती, हे मला खिडकीतून दिसत होतं, आणि ज्या शब्दावर मी एवढी ताठ उभी होते तो आता माझ्यावरच उलटायला लागला होता. नाहीच आली तर? तिच्या मायनं पाहुण्यांसाठी तिला घरीच ठेवून घेतलं तर? मी मनातल्या मनात सुमनला इतक्या शिव्या दिल्या, की त्या इथे लिहिल्या तर नात हे पुस्तक शाळेत नेऊ शकणार नाही.

ती मळ्याच्या वाटेनं आलीच नाही. गावाच्या बाजूनं आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं, हातात वरण भरलेली, कडी असलेली बरणी. घामानं निथळत ती वर्गाच्या दाराशी आली. चपला जोडीनं ठेवल्या, नियमाप्रमाणे. आतली शांतता तिला काही उमगली नाही. ती दारातल्या हेडगुरुजींनाच म्हणाली, "गुरुजी, मायनी बट्ट्या धाडेल शेतस. गरम शेतस, लगेज खाई ल्या म्हने. ऑफिसमा ठेवू का?"

तुपाचा वास सगळ्या वर्गात पसरला.

साहेब हळूहळू हेडगुरुजींकडे वळले. "हे जेवण कुणासाठी?"

"आपल्यासाठी, साहेब. पाहुणचार. गावाची पद्धत आहे."

"म्हणजे ही मुलगी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"घाईत लक्षात आलं नाही, साहेब."

आजारी असेल, असं हेच गृहस्थ थोड्या वेळापूर्वी म्हणाले होते. सदतीस मुलांनी ते ऐकलं होतं. पुढे मी स्वतः तीस वर्षांहून जास्त शिकवलं आणि किती तपासण्या झाल्या त्याची गणती नाही, पण प्रत्येक तपासणीला मला दारातले ते हेडगुरुजी आठवायचे. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पोरीला मी कामाला लावलंय, एवढंच. ते बोलायला जीभ उचलली नाही आणि एका नवीन बाईची नोकरी आणि बारा वर्षांच्या पोरीचा बिल्ला जाताना ते शांतपणे बघत उभे राहिले.

साहेबांनी सुमनला टोपली खाली ठेवायला लावली. "जाय, तुन्या जागावर बस," म्हणाले. मग पट उघडला, तिच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवलं आणि बाईंना म्हणाले, "बरोबर आहे तुमची बेरीज. अडतीस." शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं ते मी कधी पाहिलं नाही. बट्ट्या मात्र त्यांनी खाल्ल्या. आम्ही खिडकीतून मोजल्या, चार.

दुसऱ्या दिवशी मी बिल्ल्याशिवाय शाळेत गेले. माय म्हणाली, पिन तरी परत आण. हजेरीची वेळ झाली, पण बाईंनी पट उघडला नाही. त्या भिंतीवरच्या कागदापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "चौथा नियम कोण वाचेल?" सुमननं वाचला. समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. "काल वर्गात हा नियम कुणी मोडला?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं.

बाई माझ्या बाकापाशी आल्या. बिल्ला त्यांनी आपल्या हातानं माझ्या फ्रॉकला लावला, या वेळी पिन बोटाला लागली नाही. मग माझ्या हातात खडू दिला. "मॉनिटर, नाव लिही."

मी फळ्यापाशी गेले. उजव्या कोपऱ्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, बाई.

"पूर्ण नाव. अकरावा नियम काय आहे?"

"सगळ्यांना सारखे."

"मग लिही. प्रमिला काशिनाथ महाजन."

मी लिहिलं. इतके महिने त्या आम्हाला शिकवत होत्या आणि त्यांचं नाव प्रमिला आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. खडूचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. बाई हात बांधून स्वतःच्या नावाकडे बघत उभ्या होत्या, आणि मला त्या दिवशी त्या जितक्या मोठ्या वाटल्या तितकी मोठी मला नंतर फार कमी माणसं वाटली. मला बसायला सांगितलं नव्हतं. खडू अजून हातात होता. आणि मी आधीच सांगितलं आहे, की मी आगाऊ होते.

"बाई," मी म्हटलं, "हेडगुरुजींचं पण लिहू?"

बाईंनी आधी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, समोर ऑफिस, आणि ऑफिसच्या दारावर हेडगुरुजींच्या लांबलचक नावाची पाटी, जी मी सातवीपर्यंत रोज येता-जाता वाचली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या अजून कायम झालेल्या नव्हत्या.

"त्यांचं पूर्ण नाव लिहिता येतं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"येस, बाई," मी म्हटलं.

या वेळी त्यांना ते कळलं. त्या फळ्यासमोरून बाजूला झाल्या आणि मला जागा करून दिली.